कानाचा ठणका थांबल्यावर

२०२४ च्या दिवाळीला पंधरा दिवस राहिले असताना लातूरहून मुलीचा फोन आला. जावई लातूरच्या एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवतात, म्हणजे लातूरच्या हिशेबाने बाराही महिने औताला जुंपलेले. मोकळे मिळतात ते दिवाळीचे चार दिवस. त्या चार दिवसांत मालवणला जायचे, तारकर्लीला उतरायचे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात नातीला ‘स्कूबा’ करवायचे असे ठरले होते. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली उतरायचे आणि मासे, प्रवाळ पाहायचे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या लेकरांना समुद्राच्या तळाचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. आगाऊ पैसे भरून झाले होते. मी नांदेडहून लातूर गाठायचे आणि तिथून सगळ्यांनी एका गाडीने निघायचे.

‘‘दादा, मोबाइलवर एक फॉर्म पाठवलाय,’’ मुलगी म्हणाली. ‘‘सगळ्यांचा भरायचाय. तुम्ही बँकेतले, तुम्हीच भरा. सगळीकडं ‘नाही’ लिहायचं, बस्स.’’

चष्मा पुसून मी फॉर्म वाचायला घेतला. दमा आहे का, फिट येतात का, हृदयाचा आजार आहे का, छातीचे ऑपरेशन झाले आहे का. तेरा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे ‘नाही’, ‘नाही’ करत मी खाली आलो आणि कानाच्या प्रश्नापाशी थांबलो. कानाचा काही आजार, कानातून पाणी किंवा पू येणे, पडदा फाटणे, कानाचे ऑपरेशन?

तीन आठवड्यांपूर्वीच पोरीचा कान फुटला होता. सर्दी झाली, चौथ्या दिवशी रात्री कान ठणकायला लागला, पोरगी रडून रडून बेजार झाली आणि पहाटे एकदम शांत झोपली. सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग होता. घराजवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सगळे थांबले म्हणून उरलेल्या गोळ्या फ्रिजच्या डोक्यावर राहिल्या. आपल्या घराघरात त्या तिथेच राहतात.

मी मुलीला उलटा फोन केला. ती म्हणाली, ‘‘ते तर कधीच बरं झालं की. आता दुखत बी नाही काही.’’ मग ज्यांच्याकडे पैसे भरले होते त्यांना फोन लावला. तिकडचा मुलगा फार गोड बोलला. ‘‘काका, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सगळेच ‘नाही’ लिहितात. काही होत नाही.’’

फॉर्म तसाच ठेवून मी गच्चीवर जाऊन बसलो. माझ्या डाव्या कानाला गेली पन्नास-बावन्न वर्षे जवळजवळ ऐकू येत नाही. त्याचे कारण मला आता वाचकांना सांगितले पाहिजे.

आमचे गाव अहमदपूर तालुक्यातले, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. लातूर जिल्हा व्हायला अजून अकरा वर्षे होती. शाळेला सुट्टी लागली की सकाळी दहापासून उन्हे उतरेपर्यंत आम्ही पोरे विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकायचे, भोपळा सुटला की काठावरून मुटका मारायचा आणि मुटक्यात तरबेज झाले की शेवटची परीक्षा, ती म्हणजे तळाची माती आणणे. विहिरीची खोली आमच्याकडे पुरुसात मोजत. उभ्या माणसाने हात वर केला की एक पुरुस. आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही तीन पुरुस, म्हणजे वीसएक फूट पाणी असे. एका दमात खाली जायचे, मूठभर गाळ घ्यायचा आणि वर येऊन मूठ उघडून दाखवायची. मूठ रिकामी निघाली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाव ठेवून घ्यायचे.

१९७१ चा उन्हाळा. मी बारा वर्षांचा होतो. आठ-दहा दिवस सर्दीने नाक गच्च होते, डाव्या कानात दडे बसले होते. पण त्या दिवशी माझी पाळी होती. सात-आठ फुटांवर कानात सुई टोचल्यासारखे झाले. पंधरा फुटांवर सुईचा खिळा झाला. तरीही मी हातपाय मारत राहिलो आणि मग कानात फट्‌ असा आवाज झाला. दुखणे त्या क्षणी थांबले आणि विहीर फिरायला लागली. वर कुठे, खाली कुठे काही कळेना. मी वर जातो आहे असे समजून भिंतीला जाऊन धडकलो. विहिरीच्या कपारीला हात लागला म्हणून वाचलो. वर आलो तेव्हा मुठीत माती होती, एवढे मात्र मला नीट आठवते. पोरांनी ओरडा केला. नाकातून थोडे रक्त येत होते ते मी पाण्याने धुऊन टाकले.

घरी सांगितले नाही. दोन दिवसांनी कान वाहायला लागला तेव्हा मायने लसूण घालून तेल कोमट केले आणि कानात सोडले. कुणी रुईच्या पानाचा रस सांगितला, तोही झाला. जत्रेतला कान कोरणारा झाला. कान पावसाळ्यात वाहायचा, हिवाळ्यात वाळायचा. आमच्या शाळेत दर वर्गात असे दोन-तीन कानफुटे असायचेच आणि त्यांना मागच्या बाकावर बसवायचे हे ठरलेले. म्हणजे ज्याला आधीच ऐकू येत नाही त्याला आणखी लांब. पुढच्या वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला, विहिरीचा तळ उघडा पडला आणि ज्या मातीसाठी मी कान घालवला ती माती गावातली शेळ्या-करडे तुडवत फिरू लागली.

त्या फट्‌ आवाजाचे शास्त्र मला कळायला पन्नाशी उलटावी लागली. जावयांनी ते एकदा भाजीवाल्याच्या पिशवीवर आकृती काढून समजावले, कारण तो धडा ते दरवर्षी शिकवतात. कानाचा पडदा म्हणजे साधारण एक सेंटिमीटर व्यासाची, कागदाइतकी पातळ कातडी. बाहेरून आत जाणारी कानाची नळी पडद्यापाशी संपते. पडद्याच्या आत हवेने भरलेली एक चिमुकली खोली आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. या खोलीला खिडकी एकच, घशाच्या मागे नाकाशी उघडणारी एक बारीक नळी. एरवी ती मिटलेली असते. आपण आवंढा गिळला, जांभई दिली की क्षणभर उघडते आणि आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा होतो.

कोल्हापूरहून कोकणात घाट उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा हीच नळी उघडायची वाट पाहत असते. आवंढा गिळला की टक्‌ होते आणि कान मोकळा होतो. आता गंमत अशी की सहाशे मीटरचा अख्खा घाट उतरताना कानावर हवेचा जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात शिरल्यावर पाऊण मीटरच्या आतच वाढतो. अख्खा घाट आणि कमरेइतके पाणी, दोन्ही सारखेच. दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि बंद जागेतली हवा निम्म्यावर येते. त्यातही या सगळ्या बदलाचा मोठा धक्का पहिल्या काही मीटरांतच बसतो. म्हणून ‘खोल जायचं नाही, वरचेवरच आहे’ या बोलण्याला कानाच्या बाबतीत काही अर्थ नाही. नळी सर्दीने सुजलेली असेल तर दोन मीटरवरच आतल्या खोलीत ओढ बसते, पडदा आत खेचला जातो, रक्त साकळते आणि तरीही खाली जात राहिले तर तो फाटतो.

पाणबुडे यासाठी नाक दाबून हलकेच फुंकतात. मालवणच्या होडीत पर्यटकांना पहिली शिकवण हीच देतात. ही युक्ती व्हाल्साल्व्हा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा कानावरचा ग्रंथ १७०४ सालचा. हा गृहस्थ समुद्राच्या तळाशी जायला निघाला नव्हता. मध्यकर्णातला पू बाहेर घालवण्यासाठी त्याने रोग्यांना नाक दाबून फुंकायला सांगितले होते. आजचे डॉक्टर आजारी कानावर अशी जबरदस्ती करू देत नाहीत.

आणि विहीर का फिरली, त्याचे उत्तर देणाऱ्या माणसाला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रॉबर्ट बारानी हे व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर. कान धुताना पाणी गार असले तर रोग्याला गरगरते आणि गरम असले तर उलट्या दिशेने गरगरते, हे त्यांनी पाहिले. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागातच आहे आणि तापमानातल्या फरकाने ती फसते. पडदा फाटला की गार पाणी थेट आत घुसते आणि माणसाला वर-खाली कळेनासे होते. विहिरीत मला कपार सापडली. समुद्रात कपार नसते.

आता नातीच्या उशीवरच्या डागाकडे येतो, कारण सगळी गोम तिथे आहे. सर्दीतून मध्यकर्णात जंतू गेले की त्या चिमुकल्या खोलीत पू साचतो. खिडकी सुजून बंद, पूला वाट नाही, म्हणून पडदा फुग्यासारखा ताणतो आणि ठणका लागतो. रात्रभर लेकरू रडते. मग पडद्याला छिद्र पडते, पू बाहेर येतो, ताण जातो आणि लेकरू गाढ झोपते. आई म्हणते, बाई गं, थांबलं एकदाचं. ठणका थांबला तो कान बरा झाला म्हणून नव्हे, पडदा फुटला म्हणून. माझे दुखणे विहिरीत ज्या कारणाने थांबले त्याच कारणाने. ‘आता दुखत नाही’ हे वाक्य आपण बरे झाल्याचा दाखला म्हणून वापरतो आणि कानाच्या बाबतीत ते नेमके उलटे असू शकते.

पडदा फुटला नाही तरी हिशेब सोपा नसतो. ताप गेला, दुखणे गेले, लेकरू शाळेत जायला लागले, तरी पडद्यामागे चिकट पाणी साचून राहते. महिन्यानंतरही दहापैकी सुमारे चार लेकरांच्या कानात ते असते, एखाद्याच्या तर तीन महिन्यांनंतरही. बाहेरून काही दिसत नाही. लेकरू टीव्हीचा आवाज मोठा करते आणि आपण त्याला रागावतो. असा कान घेऊन पाण्याखाली जाणे म्हणजे खिडकीला कुलूप असलेल्या घरात धूर करणे.

आता माझ्या दुसऱ्या अडचणीकडे. १९८२ साली बँकेत लागताना वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी विचारले, ऐकू नीट येते ना? मी म्हणालो, येते. उजव्या कानाने येत होतेच. घरात खाणारी सहा तोंडे होती, खरे बोलायची ऐपत नव्हती. पुढे छत्तीस वर्षे प्रत्येक शाखेत मी टेबल असे मांडून घेतले की गिऱ्हाईक माझ्या उजव्या हाताला बसेल. शिपायांना वाटे साहेब वास्तुशास्त्र पाहतात. माझ्या एका कादंबरीतल्या नायकाला मी हाच बहिरेपणा दिला, तेव्हा एका समीक्षकाने ते समाजाच्या बधिरतेचे प्रतीक आहे असे लिहिले. मी काही बोललो नाही.

पण तो खोटेपणा माझ्यापुरता होता. दुसरा नव्हता. २००९ साली मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. कर्जासोबत विम्याचा फॉर्म भरून घ्यायची घाई असे. मार्च अखेरीला तर बघायलाच नको. एका शेतकऱ्याचा फॉर्म आमच्याच शाखेत भरला गेला. सगळीकडे ‘नाही’, खाली त्याची सही, त्याखाली माझी. आठ महिन्यांनी तो हृदयविकाराने गेला. आधी सोलापूरला त्याचे उपचार झाले होते आणि ते कागद विमा कंपनीला सापडले. दावा नामंजूर झाला. बाई माझ्यासमोर येऊन बसली. तिने एकच विचारले, ‘‘सायेब, त्यांनी तर तुमच्या मान्सापाशी सांगितलं होतं म्हणं. मग कामून न्हाई लिव्हलं?’’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. फॉर्म भरणाऱ्या क्लार्कला मी नंतर बोललो, पण सही माझी होती.

गच्चीवर बसून मी हेच आठवत होतो. फॉर्ममधला कानाचा प्रश्न खोडसाळपणाने विचारलेला नसतो. ज्यांनी तो छापला त्यांना कारण ठाऊक असते. उत्तर देणाऱ्याला ठाऊक नसते आणि उत्तर घेणाऱ्याला घाई असते. आणि इथे तर सही करणार मी आणि पाण्यात उतरणार पोरगी. मोठ्या माणसाने स्वतःच्या कानाचे खोटे लिहिले तर त्याचे तो पाहील. लेकराच्या नावापुढे ‘नाही’ लिहायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दुसऱ्या दिवशी मी लातूरला गेलो आणि मुलीला म्हणालो, सुट्टी आहे तर दोन दिवस नांदेडला चला. नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये माझ्या ओळखीचे कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. गंगाखेडपासून आदिलाबादपर्यंतचे रोगी त्या गल्लीत येतात. निम्मी गर्दी सकाळच्या गाडीने आलेली, हातात डबा आणि जुन्या फायली. डॉक्टरांनी पोरीच्या कानात दिवा घालून पाहिले, मग मुलीला पडद्यावर दाखवले. मोत्यासारख्या करड्या पडद्यात खालच्या बाजूला मोहरीएवढे काळे छिद्र होते. मुलगी काही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘दुखत नाही ना? दुखणार नाहीच.’’

त्यांनी जे सांगितले ते इथे लिहितो, कारण आता शाळांच्या सहलीसुद्धा समुद्रावर जातात. पडद्याला छिद्र असेपर्यंत पाण्याखाली जायचे नाही, यात वाटाघाट नाही. पोहण्याच्या तलावातही नाही आणि डोक्यावरून पाणी घेताना कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. लहान छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरते. पण भरल्यावर जी नवी कातडी येते ती कोवळी असते, म्हणून त्यानंतरही महिना-दोन महिने थांबायचे. मग पुन्हा तपासणी. पडदा शाबूत, मागे पाणी नाही, ऐकणे नीट आणि नाक दाबून हलके फुंकले की दोन्ही कानांत टक्‌ होते, एवढे झाले तरच समुद्र. पडदा फुटला नसेल, नुसता मध्यकर्णाचा दाह असेल, तर मुदत कमी. पण तीही दिनदर्शिकेवर ठरत नाही, कानात पाहूनच ठरते. पडद्याचे किंवा आतल्या हाडांचे ऑपरेशन झालेले असेल तर ज्यांनी ते केले त्यांनाच विचारायचे आणि काही ऑपरेशनांनंतर हा नाद कायमचा सोडायचा.

तलावात पोहणाऱ्या पोरांचा कान बाहेरच्या नळीतही सुजतो, ते वेगळे. कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाशी दाबले की कळ येते ती याची. थेंब घालून आणि कान कोरडा ठेवून तो आठवडा-दहा दिवसांत बहुधा उतरतो. सूज, स्राव, दुखणे तिन्ही गेले आणि नळी स्वच्छ दिसली की पाणी मोकळे. या दुखण्यात तेल घालणे म्हणजे बुरशीला खतपाणी, आणि काडी घालून कोरणे म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मुलीने विचारले, ‘‘सर्दीची गोळी देऊन नेलं तर?’’ हे बरेच लोक करतात म्हणे. डॉक्टर हसले. गोळीने सूज तात्पुरती उतरते, माणूस खाली जातो, खाली गेल्यावर गोळीचा अंमल संपतो आणि वर येताना फुगलेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. खाली जाताना दुखले तर परत फिरता येते. वर येताना अडकले तर कुठे फिरणार? मग जावई म्हणाले, कानात बुचे घालू. तेही नाही. बुचाच्या आत हवा कोंडते आणि पडदा उलट्या बाजूला ओढला जातो. ‘‘सर, हे तर तुमच्याच विषयातलं,’’ डॉक्टर म्हणाले. जावयांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

निघता निघता डॉक्टरांनी माझ्याही डाव्या कानात दिवा घातला. म्हणाले, ‘‘काका, तुमचा तर दरवाजाच उघडा आहे.’’

घरात दोन दिवस अबोला होता. पोरगी रडली. तिच्या मैत्रिणी मालवणला जाऊन आल्या होत्या, त्यांचे पाण्याखालचे फोटो सगळ्या वर्गाने पाहिले होते. आगाऊ भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. मुलगी एकदा तरी म्हणालीच, ‘‘तुम्ही तो फॉर्म वाचलाच नसता तर बरं झालं असतं.’’ तिचा राग मला कळतो. चार दिवसांची सुट्टी, हजारो रुपये, लेकराचा हट्ट एका पारड्यात आणि मोहरीएवढे न दुखणारे छिद्र दुसऱ्या पारड्यात. पारडे कुठे झुकते ते आपण सगळे जाणतो. म्हणूनच मला वाटते की हा फॉर्म पैसे भरायच्या आधी हातात यावा. पैसे भरल्यावर विचारलेल्या प्रश्नाला माणूस पैशाच्या बाजूने उत्तर देतो, हे बँकेत मी हजार वेळा पाहिले. मालवणच्या पोरांवर सगळे ढकलणेही बरोबर नाही. पाण्यात तुमचा हात धरून, खुणेने ‘कान ठीक?’ असे पुन्हा पुन्हा विचारणारी ती पोरे समुद्र जाणतात. पण तुमच्या पडद्याला छिद्र आहे हे त्यांना पाण्याखाली कसे दिसावे? आणि तेरा वर्षांचे लेकरू, ज्याच्यासाठी घरादाराने एवढा खर्च केला, ते दुखत असताना खूण करील का? मी केली नव्हती. मला तर मूठ उघडून दाखवायची होती.

आपल्या भागात कान फुटणे हा आजारच मानला जात नाही, हे या सगळ्याचे मूळ. दात दुखला तर माणूस गाडी करून जातो. कान वाहतो ते वयात आल्यावर थांबेल म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली जुनाट वाहत्या कानावर एक अहवाल काढला. हे दुखणे ज्या देशांत सर्वांत जास्त आहे, त्यांच्या पंक्तीत भारताला बसवले होते. मला तो अहवाल वाचायची गरज नव्हती. आमच्या शाळेचा मागचा बाक मला पाठ आहे.

दिवाळीत आम्ही मालवणला गेलो नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छिद्र भरले. फेब्रुवारीत डॉक्टरांनी पुन्हा पाहिले, यंत्रावर ऐकण्याची आणि पडद्याची तपासणी केली, पोरीला नाक दाबून फुंकायला लावले आणि कागदावर लिहून दिले. परीक्षा झाली. २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो, कारण पावसाळ्यात तो समुद्र बंद असतो. फॉर्म पुन्हा आला. या वेळी तो पोरीने स्वतः भरला. कानाच्या प्रश्नापुढे तिने ‘हो’ लिहिले, तारीख घातली आणि डॉक्टरांचा कागद जोडला. होडीवरच्या माणसाने तो कागद वाचला, पोरीला दोन्ही कान मोकळे करून दाखवायला सांगितले आणि तिच्या मागच्या रांगेतल्या सर्दी झालेल्या एका पोराला त्या दिवशी होडीवरच बसवून ठेवले. त्याचा बाप पुष्कळ भांडला.

मी होडीत बसून होतो, उजवा कान पाण्याकडे करून. किल्ल्याचा तट समोर दिसत होता. पोरगी पाठीने पाण्यात पडली, बुडबुडे आले आणि मग नुसते पाणी राहिले. घड्याळात बारा मिनिटे झाली, मला ती विहिरीतल्या दुपारीएवढी वाटली. ती वर आली, चष्मा कपाळावर सारला आणि होडीची कड धरून हसायला लागली. तिने हात वर केला, मी पाहिले तर मूठ रिकामी.

‘‘तळाचं काही आणलंस का नाही?’’ मी विचारले.

‘‘आबा, तिथं कशाला हात लावायचा नसतो,’’ ती म्हणाली. मी तिच्याकडे डावा कान करून बसलो होतो, त्यामुळे तिला ते दोनदा सांगावे लागले.